स्वल्पविरामांमधील रिकामी जागा : रेग्युलर एक्स्प्रेशनने होणाऱ्या स्तंभ-विभाजनाची चिकित्सा

एकाच स्तंभात स्वल्पविरामांनी जोडून अनेक मूल्ये साठवायची आणि पुढे क्वेरीमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनच्या साहाय्याने ती वेगळी करायची, ही पद्धत डेटाबेसच्या व्यवहारात रूढ आहे. ऑरॅकलच्या १०जी आवृत्तीत (२००३) नमुन्यानुसार मजकुराचा तुकडा काढून देणारे फंक्शन आले आणि ही पद्धत सुलभ झाली. सुलभतेमागील धोका मात्र दुर्लक्षित राहिला.

यासाठी सर्रास वापरला जाणारा नमुना '[^,]+' हा होय. स्वल्पविराम नसलेल्या एक वा अधिक चिन्हांचा सलग गट, असा त्याचा अर्थ. एका विद्यार्थ्याचे तीन विषयांचे गुण '६२,,७१' असे नोंदलेले आहेत, दुसऱ्या विषयाला तो अनुपस्थित होता, असे समजू. 'एक वा अधिक' या अटीमुळे रिकामी जागा नमुन्यात बसतच नाही. परिणामी दुसरा तुकडा मागितला असता ७१ मिळतात आणि तिसरा मागितला असता काहीच मिळत नाही. न दिलेल्या परीक्षेत विद्यार्थी उत्तीर्ण, दिलेल्या परीक्षेत अनुपस्थित! क्वेरी त्रुटीचा कोणताही संदेश देत नाही. गुणपत्रक नीटनेटके छापले जाते.

नमुन्यातील विशिष्ट उपगट मागण्याची सोय ११जी आवृत्तीत (२००७) झाली. '(.*?)(,|$)' या नमुन्यातील पहिला उपगट घेतल्यास रिकामी जागा रिकामीच राहते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या ८.३ आवृत्तीतील (२००८) विभाजक फंक्शनला मूल्याचे नव्हे, तर विभाजकाचे वर्णन द्यावे लागते. त्यामुळे तेथेही रिक्त मूल्य गळत नाही.

तथापि नमुना निर्दोष केल्याने रचना निर्दोष होत नाही. दुसरे स्थान कोणत्या विषयाचे, हे डेटाबेसला ठाऊकच नसते; ते क्वेरी लिहिणाऱ्याच्या स्मरणात असते. अशा स्तंभावर विषयसारणीशी जोडणारी परकीय किल्लीही लावता येत नाही. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्येच प्रत्येक मूल्य अविभाज्य असावे, असा आग्रह धरला होता. (प्रथम सामान्य रूपाची व्याख्या आपल्याकडे परीक्षेपुरती पाठ होते, हा भाग निराळा.) बाहेरून आलेली फाइल सारणीत भरताना एकदाच विभाजन करणे समर्थनीय आहे. प्रत्येक निकालाच्या वेळी तेच विभाजन नव्याने करण्यापेक्षा विद्यार्थी, विषय व गुण अशी स्वतंत्र सारणी ठेवल्यास अनुपस्थितीचीही स्वतःची ओळ राहते.