अ‍ॅनाचे आडनाव

एडमंड डी वाल हे इंग्लंडमधील नामवंत कुंभार. चिनी मातीची भांडी घडविणारे कलावंत. त्यांचा ‘द हेअर विथ अँबर आइज’ हा ग्रंथ 2010 साली प्रसिद्ध झाला. वरवर पाहता तो एफ्रुसी या ज्यू पेढीवाल्या घराण्याचा इतिहास आहे. माझ्या मते मात्र ती परत केलेल्या एका ठेवीची कथा होय.

ठेव म्हणजे 264 जपानी ‘नेत्सुके’. किमोनोच्या कमरपट्ट्याला अडकविलेली थैली निसटू नये म्हणून तिच्या दोरीला बांधावयाच्या हस्तिदंती वा लाकडी कोरीव वस्तू. मुठीत सहज मावणाऱ्या. पॅरिसच्या शार्ल एफ्रुसींनी त्या जमविल्या आणि 1899 मध्ये व्हिएन्नातील चुलतभाऊ व्हिक्टर यांना विवाहाची भेट म्हणून पाठविल्या. पॅरिसचे दिवाणखाने, पडदे व चित्रे यांत लेखक इतका रेंगाळतो की वाचक पाने उलटू लागतो. मीही काही उलटली, हे कबूल करतो.

मार्च 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि एफ्रुसींचा वाडा लुटला गेला. (त्याच महिन्यात कार्डिनल इन्नित्झर यांच्यासह ऑस्ट्रियाच्या बिशपांनी या विलीनीकरणाला पाठिंबा देणारे पत्रक काढले होते. आपण कॅथलिकांनी हे प्रकरण वाचताना ते विसरू नये.) मालकांचे सामान बांधण्याच्या कामाला घरातील मोलकरीण अ‍ॅना हिलाच जुंपण्यात आले. तिने दर खेपेस तीन-चार नेत्सुके एप्रनच्या खिशात टाकले आणि आपल्या गादीत लपविले. युद्ध संपल्यावर, डिसेंबर 1945 मध्ये, व्हिक्टर यांची कन्या एलिझाबेथ, म्हणजे लेखकाची आजी, व्हिएन्नाला परतली. अ‍ॅनाने सारी ठेव तिच्या हाती दिली. मुले आईच्या खोलीत याच वस्तूंशी खेळत असत, हे ती विसरली नव्हती.

अनुवादाच्या 22व्या अध्यायात बंधूच्या हरवलेल्या वस्तूविषयी आज्ञा आहे: तो जवळपास नसेल तर वस्तू आपल्या घरी सांभाळावी आणि तो शोधीत आला म्हणजे परत करावी. अ‍ॅनाने अक्षरशः तेच केले. सरकारी संग्रहांतील लुटीच्या कलाकृती परत करण्याचा कायदा करावयास ऑस्ट्रियाला 1998 साल उजाडावे लागले.

आणि या अ‍ॅनाचे आडनाव ग्रंथात नाही. ते आपणास ठाऊक नाही, विचारता आले असते तेव्हा विचारले नाही, असे लेखक स्वतःच सांगतो. पूर्वजांच्या चित्रांचा माग काढण्यासाठी दफ्तरे धुंडाळणाऱ्या या लेखकाला अ‍ॅनासाठी मोजकीच पाने सापडतात. हे वैगुण्य खरेच. पण दोष त्याच्या एकट्याचा नव्हे. मुंबईच्या घरांत दुसऱ्यांची मुले वाढविण्यात आयुष्य वेचलेल्या गोव्याच्या आयांपैकी कितीजणींची पूर्ण नावे त्या घरांनी जपली?

तरीही एका बाबतीत मी लेखकाच्या बाजूचा आहे. एखाद्या कादंबरीकाराने अ‍ॅनाला गाव, नवरा, श्रद्धा, सारे काही बहाल केले असते. डी वाल यांनी तिच्या आयुष्यातील रिकामी जागा रिकामीच ठेवली. तिच्या नावावर काही रचून सांगणे, हेही एक प्रकारे तिच्याकडून घेणेच ठरले असते.

2018 पासून यांतील 157 नेत्सुके व्हिएन्नाच्या ज्यू संग्रहालयाकडे दीर्घ मुदतीसाठी ठेवण्यात आले. काहींचा लिलाव करून पैसा निर्वासितांच्या साहाय्यासाठी देण्यात आला. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी ग्रंथाचा तिसरा भाग आधी वाचावा. पॅरिसचे पडदे नंतर पाहिले तरी चालतील.