आराखडा पानाचे ऐकतो का?

पंपाच्या दुरुस्तीसाठी केलेले एक वेबपान घेऊ. एका बाजूला सुट्या भागांची यादी, दुसऱ्या बाजूला पंपाचा आराखडा. यादीतल्या बेअरिंगवर क्लिक केले की आराखड्यात नेमके तेच उजळले पाहिजे; आराखड्यातला बोल्ट निवडला की यादीत त्याची ओळ समोर आली पाहिजे. पानात बसवलेल्या व्ह्यूअरची खरी परीक्षा इथे होते. मोठे करणे, सरकवणे, फिरवणे आता बहुतेकांना जमते. पान आणि आराखडा जावास्क्रिप्टमार्फत एकमेकांशी किती बोलतात, हे व्ह्यूअर घडवण्याच्या कलेचे माप असायला हवे. त्या मापाने पाहिले तर चित्र उमटवण्याचे तंत्र फार पुढे गेले आणि संवाद मागे राहिला.

पहिला काळ प्लगइन आणि अ‍ॅक्टिव्हएक्सचा. मायक्रोसॉफ्टचा व्हिजिओ व्ह्यूअर किंवा ऑटोडेस्कचा डिझाइन रिव्ह्यू इंटरनेट एक्सप्लोररच्या पानात बसवता येई. व्हिजिओ व्ह्यूअरला पृष्ठ बदलायला, झूम ठरवायला, लेयर लपवायला स्क्रिप्टमधून सांगता येई. वाचकाने आकृती निवडली की तो पानाला तशी खबरही देई. दुहेरी संवाद तेव्हाच सुरू झाला होता, पण तो एकाच ब्राउझरच्या भरवशावर. 2015 मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीचे प्लगइन बंद केले, त्याच वर्षी आलेल्या एजने अ‍ॅक्टिव्हएक्स घेतलेच नाही आणि जून 2022 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 11 निवृत्त झाला. आराखड्यांच्या फायली शाबूत राहिल्या. त्यांच्याभोवती लिहिलेला कोड मात्र निकामी झाला.

2001 मध्ये मानक ठरलेल्या एसव्हीजी या रेखाचित्रांच्या स्वरूपाने वेगळी वाट दाखवली. इथे प्रत्येक रेघ हा पानातलाच घटक असतो. तिला नाव देता येते, रंग बदलता येतो, क्लिक ऐकता येतो. दिसणारी चौकट ठरवणारे व्ह्यूबॉक्सचे चार आकडे बदलले की झूम झाला. वेगळा व्ह्यूअर लागतच नाही. मात्र हाच एसव्हीजी साध्या चित्राच्या टॅगमधून आणला, तर पानाच्या स्क्रिप्टला त्याच्या आत शिरता येत नाही. आकृत्यांची संख्या फार वाढली की तो जडही होतो. तरीही मजल्याचा नकाशा किंवा विद्युत जोडणीचे चित्र यांसाठी आजही मी त्यालाच पहिली पसंती देईन.

मोठ्या मॉडेलना ब्राउझरमध्येच त्रिमितीय चित्र उमटवणाऱ्या 2011 च्या वेबजीएलने दार उघडले. थ्री डॉट जेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर उभा असलेला ऑटोडेस्कचा व्ह्यूअर हे त्याचे सर्वांत समृद्ध उदाहरण. एखादा भाग निवडणे, बाकीचे झाकून तेवढाच दाखवणे, त्याला रंग देणे, दृश्य जपून पुन्हा तसेच उभे करणे, या सगळ्यासाठी त्यात आज्ञा आहेत. तो पानाला ज्या घटना कळवतो, त्याही बारकाईने आखलेल्या आहेत: भूमिती पोहोचणे वेगळे आणि घटकांची उतरंड तयार होणे वेगळे. ती उतरंड तयार होण्याआधी नावाने भाग शोधायला गेलो, तर हाती काही लागत नाही. पण फाइल आधी कंपनीच्या क्लाउडवर रूपांतरासाठी पाठवावी लागते. शिवाय व्ह्यूअर भागांना जे क्रमांक देतो, ते मॉडेलचे नव्याने रूपांतर झाल्यावर बदलू शकतात. तेच क्रमांक डेटाबेसमध्ये साठवले, तर उद्या व्हॉल्व्हऐवजी भलताच पाइप उजळेल. मूळ मॉडेलमधली कायम ओळखच साठवायला हवी.

आणखी एक पद्धत आयफ्रेमची, म्हणजे पानात दुसरे पान बसवण्याची. आकृत्या काढण्याच्या डायग्राम्स डॉट नेटचा संपादक तयार झाला की पानाला तसा संदेश पाठवतो. मग पान त्याला आकृतीचा मजकूर देते. स्केचफॅबही आपल्या त्रिमितीय व्ह्यूअरला बाहेरून चालवण्याची सोय देतो. पान आणि व्ह्यूअर यांच्यात सुरक्षित भिंत राहते, हा या पद्धतीचा मोठा गुण. मात्र संदेश कोणत्या पत्त्यावरून आला हे न तपासणारा कोड ती भिंत स्वतःच पाडतो. आणि मालकाने जेवढ्या आज्ञा दिल्या, तेवढेच बोलता येते.

माझा मुख्य आक्षेप असा आहे. ‘हा भाग दाखव’ ही एकच मागणी प्रत्येक व्ह्यूअरकडे वेगळ्या रीतीने करावी लागते. व्ह्यूअर बदलला की सगळे विणकाम उसवून पुन्हा घालावे लागते. दुसरा आक्षेप अंध वाचकांच्या वतीने. वेबजीएलचा कॅनव्हास स्क्रीन रीडरला मुका असतो. एसव्हीजीत शीर्षक आणि वर्णन लिहिण्याची सोय आहे, पण ती वापरण्याची तसदी फार थोडे घेतात.

सामायिक भाषा अशक्य नाही. बांधकामक्षेत्रातल्या बिल्डिंगस्मार्ट या संस्थेच्या बीसीएफ मानकात कॅमेऱ्याची जागा, निवडलेले भाग आणि लपवलेले भाग यांची नोंद घटकांच्या कायम ओळखीसह करता येते. एका सॉफ्टवेअरमधले दृश्य दुसऱ्यात उघडते. बांधकामक्षेत्राने केलेला हा करार वेबवरच्या व्ह्यूअरनी आपला मानावा आणि त्याला पाच आज्ञांची जोड द्यावी: उघड, दाखव, लपव, निवड कळव, दृश्य जप. तोवर व्ह्यूअरशी बोलणारा कोड एकाच पातळ थरात ठेवणे हे प्रोग्रामरचे काम. आणि व्ह्यूअर विकत घेणाऱ्या संस्थांनी निविदेतच या पाच आज्ञा व कायम ओळख यांची अट घालावी. ग्राहकांनी मागितल्याशिवाय हे मानक आपोआप येणार नाही.