यकृतातला राग

राग यकृतात, आनंद हृदयात, चिंतन प्लीहेत, शोक फुप्फुसांत आणि भीती मूत्रपिंडांत. पारंपरिक चिनी वैद्यकाची ओळख करून देणाऱ्या पुस्तिकांमध्ये हा तक्ता हमखास आढळतो. अॅक्युप्रेशरच्या निमित्ताने तो आपल्याकडेही पोहोचला आहे. तक्ता सुटसुटीत आहे, पाठ करायला सोपा आहे, आणि नेमके तेच आम्हाला खटकते. महिनोन्‌महिने उदास असलेल्या, झोप उडालेल्या माणसाला 'तुमच्या यकृतातली जीवनशक्ती तुंबली आहे' असे सांगितले जाते. तेव्हा त्याला निदान मिळते की नुसता एक शब्द?

भावना शरीरात जाणवतात, हे निरीक्षण खरेच आहे. मराठीतही पित्त खवळते, पोटात भीतीचा गोळा येतो, काळीज तुटते. (काळीज म्हणजे मुळात यकृत, बोलताना आपण त्याला हृदयाच्या जागी बसवले आहे.) सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'ह्वांगती नेइचिंग' या ग्रंथात मन आणि शरीर असे दोन कप्पे केलेलेच नाहीत. मनाच्या दुखण्याला 'तुमचे काहीच दुखत नाही, सगळे डोक्यात आहे' असे म्हणून वाटेला लावणाऱ्या वैद्यकापेक्षा हे केव्हाही बरे.

अडचण पुढे सुरू होते. अवयव पाचच का? कारण काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल ही तत्त्वे पाच. इ. स. ११७४ मध्ये चन यान या वैद्याने रोगांची आंतरिक कारणे म्हणून सात भावना मांडल्या. मग सातांना पाच घरांत बसवावे लागले. दचकणे भीतीबरोबर मूत्रपिंडांत गेले आणि काळजीला शोकाच्या शेजारी फुप्फुसांत जागा मिळाली. येथे निरीक्षणाने आकडा ठरवलेला नाही, आकड्याने निरीक्षणाला जागा नेमून दिली आहे. यावर पुरस्कर्ते सांगतात की, चिनी वैद्यकातले यकृत म्हणजे शरीरशास्त्रातले यकृत नव्हे, तो कार्यांचा एक समूह आहे. ठीक आहे. पण मग 'राग यकृतात असतो' हे विधान चुकीचे असेल, तर ते आपल्याला कशावरून कळणार? याचे उत्तर मिळत नाही.

गंमत अशी की, जुने चिनी वैद्य प्रत्यक्ष रोग्यासमोर या तक्त्यापेक्षा पुष्कळ हुशार होते. चांग त्सुंगचंग (११५६–१२२८) याच्या दोन नोंदी प्रसिद्ध आहेत. एका श्रीमंत घरातल्या स्त्रीला अतिविचाराने दोन वर्षे झोप नव्हती. चांगने तिच्या नवऱ्याशी संगनमत केले, भरपूर पैसे घेतले, काही दिवस मद्य पीत बसला आणि औषध न देताच निघून गेला. बाई संतापली, तिला घाम फुटला आणि त्या रात्री झोप लागली. राग हा काष्ठ, चिंतन ही पृथ्वी, आणि काष्ठ पृथ्वीवर मात करते, म्हणून गुण आला, हे झाले तक्त्यातले स्पष्टीकरण. पुढे ती आठ-नऊ दिवस जागीच झाली नाही असेही नोंदीत आहे. ते वाचताना हातचे राखूनच वाचावे.

दुसरी नोंद आम्हाला जास्त मोलाची वाटते. प्रवासात सराईवर दरोडा पडल्यापासून एक स्त्री कसल्याही आवाजाने बेशुद्ध पडू लागली. घरातली माणसे पाऊल न वाजवता चालत. इतर वैद्यांनी हृदयाचा रोग ठरवून वर्षभर औषधे दिली, उपयोग शून्य. चांगने तिला खुर्चीवर बसवले, समोर एक बुटके मेज ठेवले आणि त्यावर लाकूड आपटले. ती दचकली. त्याने पुन्हा आपटले, पुन्हा आपटले. मग काठीने दार वाजवले, पाठीमागची खिडकी खरवडायला लावली. हळूहळू ती सावरली. रात्रभर दारे-खिडक्या वाजवत ठेवल्या. दोन दिवसांत तिला मेघगर्जनेचेही भय उरले नाही. नेहमीची होऊन गेलेली गोष्ट दचकवत नाही, असे कारण त्याने दिले. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी भीतीवर जी क्रमाक्रमाने सवय करण्याची पद्धत मांडली, तिच्याशी याचे नाते सहज दिसते. येथे काष्ठ-पृथ्वीची गरजच पडली नाही. मात्र ज्या रोग्यांना गुण आला नाही, त्यांच्या नोंदी कोठे आहेत? वैद्यांच्या वह्यांत, कोणत्याही देशात, त्या क्वचितच सापडतात.

आता विसाव्या शतकात येऊ. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी हूनान प्रांतातल्या चांगशा येथील वैद्यकीय महाविद्यालयात १०० रोग्यांची तपासणी केली. सर्वांचे निदान 'शेनचिंग श्वाइरुओ', म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता. हा शब्द चिनी वाटतो, पण ते १८६९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड यांनी रूढ केलेल्या 'न्यूरॅस्थेनिया'चे भाषांतर आहे. चीनमध्ये तो अंगदुखीच्या जुन्या भाषेत चपखल बसला. डोकेदुखी, चक्कर, निद्रानाश अशा तक्रारी होत्या. अमेरिकन निकष लावले तेव्हा १०० पैकी ८७ जणांना तीव्र नैराश्याचा विकार असल्याचे दिसले. सांस्कृतिक क्रांतीच्या (१९६६–७६) काळात 'मी निराश आहे' म्हणणे राजकीय दृष्ट्या धोक्याचे होते. डोके दुखणे धोक्याचे नव्हते. नैराश्यावरच्या औषधांनी बऱ्याच जणांची लक्षणे कमी झाली. पण ज्यांचा नोकरीतला किंवा घरातला पेच सुटला नाही, त्यांचे आजारपण सुटले नाही.

आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. शरीराची भाषा रोग्याला बोलायला जागा देते, हे तिचे बळ. परंतु वैद्यानेही त्याच भाषेत उत्तर देऊन थांबायचे ठरवले, तर रोग्याची बदली, त्याचे मोडलेले घर, त्याच्या मनात येणारे आत्महत्येचे विचार, यांपैकी काहीच विचारले जात नाही. यकृताला काढा मिळतो आणि माणूस तसाच राहतो.

काढ्यांचीही तपासणी हवी. मन शांत करण्याच्या जुन्या चिनी गोळ्यांपैकी एकीचे मुख्य द्रव्य हिंगूळ आहे, म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. चीनच्या अधिकृत औषधकोशानेच त्याची मात्रा ०.१ ते ०.५ ग्रॅमवर आणली आहे आणि यकृत किंवा मूत्रपिंडे दुबळी असणाऱ्यांना ते देऊ नये असे म्हटले आहे. शरीरातला पारा मुख्यतः मूत्रपिंडांत साठतो. आपल्या रसशास्त्रालाही हिंगूळ परका नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

सुयांचे काय? २०१३ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या ७५५ नैराश्यग्रस्तांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ३०२ जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर अॅक्युपंक्चर, ३०२ जणांना त्याचबरोबर समुपदेशन आणि १५१ जणांना फक्त नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी पहिले दोन गट तिसऱ्यापेक्षा बरे होते, आणि त्या दोघांत लक्षणीय फरक नव्हता. ही माहिती वर्गात सांगावी आणि या चाचणीत कोणता गट राहून गेला, असे नववी-दहावीच्या मुलांना विचारावे. थोडा वेळ दिला तर कोणीतरी सांगतेच: खोट्या सुईचा. नियमित भेट, आपुलकीची चौकशी आणि गुण येणार ही अपेक्षा यांचा परिणाम सुईच्या परिणामातून वेगळा काढायचा, तर रोग्याला खरी वाटणारी पण न टोचणारी सुई लागते. अशी सुई आहे. नाटकातल्या कट्यारीसारखे तिचे बोथट टोक मुठीत सरकते. बनावट सुयांशी तुलना करणाऱ्या चाचण्याही झाल्या आहेत. २०१८ मध्ये कोक्रेन संस्थेने नैराश्यावरील अॅक्युपंक्चरच्या एकूण ६४ अभ्यासांचा आढावा घेतला. काहीच उपचार न घेणाऱ्यांशी तुलना केली की सुयांचा फायदा मध्यम दिसतो. बनावट उपचाराशी तुलना केली की तो लहान होतो, आणि दोन्ही बाबतींत पुरावा कमी दर्जाचा आहे.