मेणपत्र्यातील जड धातू : एका अनुमानाची चिकित्सा

जुनी पोळी वितळवून त्याच मेणाचे पुन्हा मेणपत्रे करण्याची पद्धत मधमाशीपालनात रूढ आहे. मेण निसर्गदत्त म्हणून शुद्ध, ही एक समजूत. वारंवार वितळवलेल्या मेणात जड धातू साचत जाणारच, ही दुसरी. पहिली आता टिकणारी नाही. दुसरीही परीक्षेवाचून स्वीकारता येत नाही.

या दुसऱ्या समजुतीस बळ मिळते ते कीटकनाशकांवरील संशोधनातून. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील पाहणीत मेणाच्या ९८ टक्के नमुन्यांत फ्लुव्हॅलिनेट, कुमाफॉस ही माइटनाशके आढळली. ही द्रव्ये स्निग्धविद्राव्य असल्याने वितळवल्यानंतरही मेणातच राहतात. धातूंचे क्षार मात्र मेणात सहसा विरघळत नाहीत. ते धूळ व पराग यांच्यासवे येतात आणि त्यांचा काही भाग गाळात उतरतो. उलटपक्षी, मेणातील मुक्त आम्लांची लोखंड, तांबे व जस्त यांच्याशी विक्रिया होते. अर्थात वितळवण्याचे भांडे हेच दूषणाचे उगमस्थान असू शकते. एका वर्गाच्या द्रव्यांवरून दुसऱ्याविषयी अनुमान काढणे म्हणूनच सदोष ठरते.

सोलापुरात हा प्रश्न विशेष बिकट होतो. २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभलेल्या येथील डाळिंबावर तेल्या रोगाच्या नियंत्रणासाठी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद व चुना, फवारतात. अशा बागेत परागीभवनासाठी ठेवलेल्या पेटीतील मेणात तांबे आढळले, तर ते फवारणीचे की भांड्याचे? केवळ तयार मेणपत्र्याचे पृथक्करण याचे उत्तर देऊ शकत नाही. नवे पोळे, जुने पोळे, वितळलेले मेण, गाळ व मेणपत्रा या पाचही अवस्थांतील नमुने हवेत. भांड्याच्या धातूची नोंदही हवी.

मेणावरून मधाविषयी निष्कर्ष काढतानाही हाच संयम आवश्यक आहे. युरोपीय संघाने मधातील शिशाची मर्यादा किलोग्रॅममागे ०.१० मिलिग्रॅम ठेवली आहे. खाद्यपदार्थांत वापरावयाच्या मेणास ती २ मिलिग्रॅम आहे. दोन्ही माध्यमे भिन्न असून एकातून दुसऱ्यात किती धातू उतरतो, हे स्वतंत्रपणे मोजावे लागते. अळ्यांची वाढ याच मेणाच्या कोठड्यांत होत असल्याने त्यांच्यावरील परिणाम हाही वेगळा प्रश्न आहे.

हा भेद केवळ पारिभाषिक नव्हे. एक किलो मेण स्रवण्यासाठी वसाहतीस कित्येक किलो मध खर्ची घालावा लागतो. दोष भांड्याचा असता मधपाळास सारे जुने मेण टाकून देण्याचा सल्ला देणे, हे अपुऱ्या संशोधनाचे मूल्य त्याच्याकडून वसूल करणे होय.