कचारगडची गुहा: श्रद्धेला उत्खननाचा दाखला हवा का?

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा-धनेगावच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला इथे अनेक राज्यांतून गोंड समाज जमतो. याच गुहेत कोंडलेल्या पूर्वजांना पारी कुपार लिंगोने सोडवलं, अशी श्रद्धा आहे. यात्रेच्या बातम्यांत मात्र दरवर्षी एक वाक्य ठरलेलं असतं: ही आशियातली सर्वांत मोठी गुहा. व्हिएतनाममधली सोन डूंग गुहा याहून कितीतरी मोठी आहे, आणि व्हिएतनाम आशियातच आहे. पण मला खटकते ती चूक नव्हे, तिच्यामागची गरज. जागा मोठी ठरवायला तिची कथा आपल्याला पुरेशी का वाटत नाही?

या कथेचे दोन पाठ शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला स्टीफन हिस्लॉप यांचा. नागपूरच्या या स्कॉटिश मिशनऱ्याने परधान गायकाकडून मिळालेलं लिंगोचं गाणं टिपून ठेवलं. १८६३मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ते बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६मध्ये छापले. दुसरा पाठ मोतीरावण कंगाली यांचा, 'पारी कुपार लिंगो कोया पुनेम दर्शन' या हिंदी पुस्तकातला.

हिस्लॉप यांच्या पाठात महादेवाला गोंडांचा वास सहन होत नाही. तो एक खार निर्माण करतो, गोंड तिच्यामागे धावत गुहेत शिरतात आणि तो तोंडावर धोंडा लावतो. चौघे वाचतात, ते काचीकोपा लोहागडला पळतात. म्हणजे इथे गुहा वेगळी, ती धवलगिरीवर. आणि लोहागड हे आसऱ्याचं ठिकाण. कंगालींच्या पाठात लोहागडचीच गुहा होते. कोंडलेली असतात काली कंकालीची मुलं. हिरासुका पाटालीर किंगरीच्या सुरांवर बळ एकवटून धोंडा हलवतो आणि त्याच धोंड्याखाली जीव गमावतो. मुलांना जंगो रायताड सांभाळते.

कथा म्हणून मला कंगालींचा पाठ सरस वाटतो. सुटकेची किंमत कुणीतरी मोजली आहे, आणि ती मोजणारा वादक आहे. ज्या समाजाचा इतिहास परधानांच्या वाद्यावर टिकला, त्याने असा नायक निवडावा हे किती नेमकं आहे! पण हिस्लॉपच्या पाठातली पार्वतीही विसरता येत नाही. गोंडांचा वास येईनासा झाला म्हणून ती उपास धरते. नवऱ्याला जो वास नकोसा, त्याचीच तिला आठवण येते. महादेव-पार्वती या गाण्यात बाहेरून आले असं मानलं, तरी ही जागा गाळण्यासारखी नाही.

कंगाली कमकुवत होतात ते कथेला इतिहासाच्या पायरीवर बसवताना. सिंधू लिपी गोंडीतून वाचता येते, असा त्यांचा दावा होता. त्या लिपीचा द्विभाषिक लेख आजवर सापडलेला नाही, त्यामुळे कोणतंही वाचन तपासून पाहता येत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ज्या उत्तराची चाचणीच घेता येत नाही, त्याला आमच्याकडे उत्तर म्हणत नाहीत.

हा हट्ट एकट्या कंगालींचा नाही. श्लीमनने १८७३मध्ये हिसार्लिकच्या टेकाडात सोनं शोधलं आणि त्याला होमरच्या प्रायमचा खजिना ठरवलं. तो निघाला ट्रॉयच्या युद्धाच्या मानलेल्या काळाच्या हजारएक वर्षं आधीचा. होमर खरा ठरवायच्या घाईत त्याने मधले थर खणून फेकले होते. उलट उदाहरण क्रीटचं. झ्यूसचं जन्मस्थान म्हणून डिक्टे आणि इडा अशा दोन डोंगरांतल्या गुहा पुराणकाळापासून हक्क सांगतात. त्यांपैकी डिक्टेची म्हणून ओळखली जाणारी सिक्रोची गुहा हॉगार्थने १९००मध्ये खणली. आत काशाच्या मूर्ती होत्या, झुंबरासारख्या चुनखडीच्या खांबांत खोचलेल्या दुधारी कुऱ्हाडी होत्या. झ्यूस तिथे जन्मला का, हे त्यातून कळलं नाही. माणसं शतकानुशतकं काळोखात उतरून तिथे काही वाहत होती, हे मात्र कळलं.

पुरातत्त्व एवढंच सांगू शकतं, आणि ते थोडं नाही. आपल्या जुन्या भंडारा जिल्ह्यात पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७०मध्ये देव आणि जोशी यांनी उत्खनन केलं, तेव्हा खाली बौद्ध स्तूप निघाला. वरचं नाव एकाचं, पोटातली स्मृती दुसऱ्याची. कचारगडबद्दल घाई नको ती याचसाठी. तिथे कधी खणायचं झालंच, तर समाजाच्या संमतीने, आणि लिंगोला सिद्ध किंवा खोटा ठरवण्यासाठी नव्हे.

त्याआधी करण्यासारखं काम वेगळं आहे. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या परधानांकडून ऐकलेल्या कथा १९४८च्या ग्रंथात आणल्या. आपल्याकडचे गाणारे अजून आहेत, तोवर त्यांचे पाठ गोंडीतच ध्वनिमुद्रित व्हावेत, एकमेकांशी न जुळणारे सुद्धा. कोणता पाठ खरा, हे ठरवण्याची गरज नाही. गुहा आहे तिथेच राहील, गाणाऱ्याचं तसं नाही.