दुःखाचा हेतू आणि प्रयोगशाळा

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मेंदूशास्त्रज्ञ डॉ. विदिता वैद्य यांना २०१५ साली भटनागर व २०२२ साली इन्फोसिस पुरस्कार लाभला. त्यांच्या शोधनिबंधांतील एक प्रमुख सूत्र असे : उंदरांची नवजात पिल्ले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून दूर ठेवली, तर चिंताग्रस्त वर्तन प्रौढपणीही टिकते; सेरोटोनिनच्या ग्राहकांचा त्यात वाटा असतो.

दुःखाला याच जन्मातील, शोधता येणारा हेतू असतो, ही दृष्टी इदप्पच्चयतेशी सुसंगत आहे. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना ती परकी वाटू नये. तथापि ‘विज्ञानाने बुद्ध सिद्ध केला’ ही घोषणा अनाठायी होय. उंदराच्या भयावरून मानवाची तण्हा सिद्ध होत नाही.

शिवाय प्रयोगशाळेत ताटातूट प्रयोगकर्ताच घडवितो. म्हणून तिचे कारण तेथे विचारावे लागत नाही. भिवंडी-कशेळी परिसरात पोटासाठी तान्हे मूल घरी ठेवून पाळीवर जाणाऱ्या मातेबाबत मात्र तोच पहिला प्रश्न ठरतो. ही उणीव संशोधिकेची नव्हे, तो त्या पद्धतीचा परिघ आहे. मेंदूतील पच्चय विज्ञानाने शोधावा. समाजातील पच्चय शोधून दूर करणे हे धम्माचे कार्य आहे आणि ते औषधाच्या गोळीवर सोपविता येणार नाही.