वनस्पतींचे दुकान आणि संशयाचा अधिकार

रहस्यकथेच्या ज्या उपप्रकारास इंग्रजीत ‘कोझी’ म्हणतात, त्याच्या नावातच त्याचे सामर्थ्य व त्याची मर्यादा ही दोन्ही सूचित झालेली आहेत. ‘ऊबदार’ असा त्या शब्दाचा अर्थ. किटलीतील चहा निवू नये म्हणून तिच्यावर जे टोपडे घालतात, त्यासही हाच शब्द लावला जातो. या कथेत खून घडतो, परंतु रक्तपाताचे वर्णन टाळले जाते. गाव लहान असते, माणसे परस्परांच्या ओळखीची असतात आणि शोध घेणारी व्यक्ती बहुधा पोलीस खात्यातील नसते. यामुळे एक प्रश्न अपरिहार्यपणे उद्भवतो : ज्याला कायद्याने कोणताही अधिकार दिलेला नाही, अशा सामान्य माणसाने शेजाऱ्यांच्या खाजगी आयुष्यात डोकावावे ते कोणत्या नात्याने? या प्रकारातील बहुतेक कादंबऱ्या हा प्रश्न विनोदाने किंवा कुतूहलाच्या सबबीवर टाळतात. सूझन विटिग आल्बर्ट यांच्या ‘थाइम ऑफ डेथ’ (१९९२) या कादंबरीचे महत्त्व असे की, तीत हा प्रश्न नायिकेच्या चरित्रातच अंतर्भूत झालेला आहे.

चायना बेल्स ही ह्यूस्टन शहरातील वकील. फौजदारी खटल्यांत आरोपींचा बचाव करणे हा तिचा व्यवसाय. तो सोडून ती टेक्ससमधील पीकान स्प्रिंग्ज या काल्पनिक गावी येते आणि सुगंधी व औषधी वनस्पतींचे दुकान थाटते. तेथे तिची मैत्रीण जो हिचा मृत्यू होतो आणि ती आत्महत्या असल्याचे दिसते. चायनाला मात्र संशय येतो व गावाच्या शालीन दर्शनी रूपामागे काय दडले आहे, याचा ती शोध घेऊ लागते. स्वतः लेखिकेनेही १९८५ च्या सुमारास विद्यापीठातील प्राध्यापकी व प्रशासकीय कारकीर्द सोडली होती, आणि कारकीर्द सोडणाऱ्या स्त्रियांविषयीचे तिचे विवेचनात्मक पुस्तक १९९२ सालीच प्रसिद्ध झाले. तेव्हा व्यवसायत्याग हा या कादंबरीत केवळ कथानकाच्या सोयीसाठी योजिलेला नाही, हे उघड आहे.

कादंबरीच्या शीर्षकातील श्लेष या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो. ओव्यात आढळणारे थायमॉल हे द्रव्य ज्या वनस्पतीच्या सुगंधाच्या मुळाशी आहे, तिचे नाव आणि ‘वेळ’ या अर्थाचा शब्द यांचा इंग्रजी उच्चार एकच आहे. ‘मृत्यूची वेळ’ ही न्यायवैद्यकाची परिभाषा. वनस्पती ही दुकानातील वस्तू. नायिकेने सोडलेले जग आणि स्वीकारलेले जग ही दोन्ही अशा रीतीने एकाच उच्चारात एकत्र येतात. दुकानाच्या नावातही हाच श्लेष साधलेला आहे.

परंतु ही दोन जगे कथानकात तितकीच एकजीव झाली आहेत काय? येथे एलिस पीटर्स यांच्या कॅडफेलमालेशी तुलना उद्बोधक ठरते. बाराव्या शतकातील श्रूझबरीच्या मठात वनौषधींची बाग सांभाळणारा कॅडफेल हाही पूर्वायुष्य मागे टाकून आलेला आहे. तो एकेकाळी धर्मयुद्धात लढलेला सैनिक होता. ‘मंक्स-हूड’ (१९८०) या कादंबरीत ज्या विषाने खून होतो, ते बचनागाच्या जातीच्या वनस्पतीपासून त्यानेच सांधेदुखीवर चोळण्यासाठी बनविलेल्या तेलातील असते. औषधाचे विष झाले, म्हणून ते तयार करणाऱ्यावर शोधाची नैतिक जबाबदारी येऊन पडते. त्याचा अधिकार त्याच्या विद्येतून उत्पन्न होतो. चायनाच्या ठिकाणी वनस्पतींचे ज्ञान कथेला परिमळ देते, दुकान माणसांना एकत्र आणते. परंतु शोधाची दिशा ठरविते ती वकिलाची बुद्धीच. शेजारीच ‘क्रिस्टल केव्ह’ हे दुकान चालविणारी तिची मैत्रीण रूबी ज्योतिष व अंतःप्रेरणा यांवर विसंबते. चायना मात्र पुरावा मागते. दुकान बदलले तरी दृष्टी बदललेली नाही.

याला दोष म्हणावे, तर त्यातूनच कादंबरीचा खरा ताण निर्माण झाला आहे, हेही मान्य करावे लागते. बचावाचा वकील आरोपीस निर्दोष गृहीत धरतो. हेरास प्रत्येकावर संशय घ्यावा लागतो. आयुष्यभर आरोपींच्या बाजूने उभी राहिलेली स्त्री आता आपल्याच ग्राहकांकडे व स्नेह्यांकडे आरोपी म्हणून पाहू लागते. ज्या शांततेसाठी तिने व्यवसाय सोडला, ती शांतता खुनी जितकी भंग करतो, तितकीच तिची स्वतःची चौकशीही भंग करते. निवेदन चायनाच्याच मुखाने होत असल्यामुळे या विसंगतीची जाणीव वाचकास तिच्या शब्दांतूनच होत राहते.

मात्र या जाणिवेचा शेवटपर्यंत पाठपुरावा होत नाही. गुन्हेगार सापडला की गाव पूर्ववत व्हावे, अशी या साहित्यप्रकाराची अट आहे. वस्तुतः शेजाऱ्यांविषयी जे एकदा कळले, ते विसरता येण्यासारखे नसते. पुढे या नायिकेची दीर्घ कादंबरीमाला झाली आणि बहुतेक शीर्षके वनस्पतींच्या नावांनी नटली. पण मालेतील प्रत्येक नव्या खुनापूर्वी गावाने पुन्हा निष्पाप दिसावे लागते, ही अडचण मालेच्या रचनेतच आहे. पहिल्या कादंबरीवर हा भार नव्हता. म्हणूनच तिच्यात संशयाची किंमत सर्वांत स्पष्ट दिसू शकली असती.

तात्पर्य, ‘थाइम ऑफ डेथ’ने आपल्या प्रकाराला एक गंभीर प्रश्न विचारला आणि त्याच प्रकाराच्या ऊबदार टोपड्याखाली तो पुन्हा झाकून ठेवला. रंजनप्रधान साहित्याच्या अभ्यासकाने केवळ उत्तर अपुरे आहे म्हणून अशा कृतीची उपेक्षा करू नये. प्रश्न कोठपर्यंत येऊन थांबला, हे नोंदविणे हेही समीक्षेचेच कार्य होय.